लोर्नाची बांधी

आमच्याकडे मीठ मागायला आली, तेव्हा लोर्नाच्या सामानात एक किलो मीठ होतं. हे मला पुष्कळ महिन्यांनी कळलं.

त्या दुपारी तिचं सामान आमच्या वरच्या मजल्यावर चढून जेमतेम तास झाला असेल. मी दुकानातून जेवायला घरी आले होते. गोंदियात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. दिवसभर खिळे, पाइप आणि नळाच्या तोट्या विकते. त्यामुळे समोरचा काय मागतोय आणि त्याला खरं काय हवंय, यातला फरक आपल्याला कळतो असा माझा समज होता. दारात एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची, पन्नाशीची बाई उभी. केस कानापर्यंत कापलेले, हातात रिकामी वाटी.

"दीदी, थोड़ा नमक मिलेगा?"

फिलिपिन्सची बाई गोंदियाला लागून असलेल्या आमच्या मुर्रीत माझ्या दारात उभी राहून हिंदीत मीठ मागत होती. मी वाटी भरून दिली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली, माझं नाव विचारलं, दोनदा म्हणून पाहिलं आणि वर गेली. भाडेकरूशी पहिल्या दिवशी भाड्याबद्दल बोलायचं असं मी ठरवून ठेवलं होतं. ते राहूनच गेलं.

तिचा नवरा आर्तुरो विमानांची इंजिनं दुरुस्त करायचा. गोंदियाबाहेर पायलट तयार करणारी एक संस्था होती, तिथे त्याची नोकरी. सकाळी गाडी यायची, संध्याकाळी आणून सोडायची. तो अबोल, सज्जन माणूस. त्याच्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं मला काही सापडलं नाही. लोर्ना मात्र दिवसभर घरी. तिची हिंदी दुबई आणि दोह्यातली. तिथे ती इस्पितळाच्या धुलाईघरात होती आणि सोबतच्या बाया आपल्याकडच्या, पाकिस्तानातल्या, नेपाळातल्या. त्यामुळे तिची क्रियापदं सगळी पुरुषी आणि शिव्या अस्सल. गोंदियाच्या बाजारात तिला भाषेची अडचण कधी आलीच नाही. पुण्याहून आलेल्या माझ्या चुलतजावेला आली होती.

परक्या देशात जाऊन राहणं हा लोर्नाचा धंदाच होता म्हणा ना. पाच-सहा देश झाले होते, आणि प्रत्येक ठिकाणी बस्तान बसवण्याची तिची एक ठरलेली रीत होती. आधी पडदे. खोकी उघडायच्या आत, भांडी काढायच्या आत पडदे. मग खुर्ची. दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून एक निळी प्लास्टिकची खुर्ची आणली, फाटकाशी ठेवली आणि सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास तिच्यावर बसून राहिली. विणकाम नाही, मोबाइल नाही. नुसती बसलेली. येणारेजाणारे थांबून पाहायचे. पोरं तर घोळका करून उभी राहायची.

मी म्हटलं, "अहो, आत बसा ना. लोक बघतात."

"देखने दो, दीदी. पेट भर के देखने दो. पेट भर जाएगा तो बात करेगा."

आणि खरंच, आठवड्याभरात बघणाऱ्यांचं पोट भरलं. भाजीवाली तिच्या खुर्चीपाशी टोपली उतरवायला लागली. समोरच्या घरातली सून आपलं बाळ तिच्या मांडीवर देऊन पाणी भरायला जायला लागली. मी इथे लग्न होऊन आल्यावर मला एवढं व्हायला तीन वर्षं लागली होती, कारण मला खुर्ची टाकून फाटकाशी बसायची परवानगी कोणी दिली नव्हती.

तिसरी गोष्ट विचारणं. लोर्ना सगळं विचारायची. कपडे कुठल्या तारेवर वाळवू, चपला कुठल्या पायरीवर काढू, भिंतीत खिळा ठोकला तर चालेल का. मी खिळे विकणारी बाई, मला कोणी हे विचारत नाही. गच्चीवर मासे वाळवायचे होते तेव्हा तर तिने आमच्या सगळ्या घराला आणि दोन्ही बाजूच्या घरांना विचारलं. फक्त मांजरांना विचारलं नाही, आणि पहिली खेप त्यांनीच संपवली.

एकदा मी वैतागून म्हटलं, "लोर्ना, तुम्ही भाडं देता. प्रत्येक गोष्ट कशाला विचारता?"

ती हसली. "मेहमान पूछता है, दीदी. घरवाला नहीं पूछता."

माझ्या सासूबाईंची आणि तिची पहिली भेट मात्र अगदी उलटीपालटी झाली. सासूबाईंना आम्ही सगळे माय म्हणतो. माय घरापुढच्या छपरीत लसूण सोलत बसल्या होत्या. लोर्ना आली, वाकली, मायचा लसणाचा हात उचलला आणि उलटा करून आपल्या कपाळाला लावला.

माय दचकल्या. "माय व! ताप हाय का हिले?" असं म्हणत त्यांनी तोच हात सरळ करून तिचं कपाळ नीट चाचपलं, मग मानेला लावून पाहिला. "थंडं त हाय बाप्पा. काऊन दाखवून राहिली मले?"

लोर्नाने समजावलं, की त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना असाच नमस्कार करतात. मायने थोडा विचार केला. "पायाले नाही लागत? बरं हाय. वाकाचं काम कमी." तेव्हापासून रोज सकाळी जिन्यावर पावलं वाजली, की माय कासारापुढे धरावा तसा हात पुढे काढून बसायच्या. लोर्ना यायची, कपाळाला लावायची, आणि मग दोघींचा दिवस सुरू व्हायचा. मायची बोली आणि लोर्नाची दोह्याची हिंदी. दोघी तासन्‌तास बोलायच्या. एकमेकींचं किती कळायचं कोण जाणे.

आम्ही पोवार. आमचे पूर्वज माळव्यातून आले, हे मायला रोज एकदा तरी कोणाला तरी सांगावं लागतं. लोर्नालाही त्यांनी सांगितलं. "आमी इथचे नाही बरं. आमी माळव्याचे."

लोर्नाने खुर्ची जवळ ओढली. आपल्यासारखंच कोणी परगावाहून आलेलं भेटलं, की तिचा चेहरा उजळायचा. "अच्छा! कब आया, माँजी?"

"लगित पिढ्या झाल्या."

"वापस कब जाएगा?"

मायच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. मी स्वयंपाकघरात हसू दाबत उभी. शेवटी माय म्हणाल्या, "मी कायले जाऊ? माह्यं शेत इथं हाय."

लोर्नाने मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिली. "हाँ," ती म्हणाली. "खेत है तो फिर नहीं जाने का."

त्या उन्हाळ्यात संस्थेत एक नवा शिकवणारा पायलट आला, ब्राझीलचा. त्याच्यासोबत नवी नवरी, कामिला. वय असेल पंचवीस. मे महिन्यात गोंदियाला आणून टाकलेली पोर, तिला ऊन सहन होईना, जेवण जाईना, लोकांच्या नजरा सोसवेनात. दार लावून रडायची. तिच्या नवऱ्याने आर्तुरोला सांगितलं, आर्तुरोने लोर्नाला. लोर्ना तिच्याकडे गेली आणि मला वाटलं, आता ही तिला जवळ घेऊन थोपटेल. तसं काही नाही. तिने कामिलाला बाजारात नेलं आणि पडद्याचं कापड घ्यायला लावलं.

"रोना है तो रोओ," ती म्हणाली म्हणे, "लेकिन परदा लगा के."

दोन दिवसांनी दुपारी माझ्या दारात एक उंच, उन्हाने लाल झालेली मुलगी उभी. हातात रिकामी वाटी. "नमक," ती म्हणाली. एवढाच शब्द पाठ करून आली होती. मी दिलं. मग तिच्याच पाठोपाठ संस्थेतली आणखी एक परदेशी बाई आली. तिच्याही हातात वाटी. कामिला राहायची रेल्वे लाइनच्या पलीकडे. मिठासाठी मुर्रीपर्यंत यायचं तिला काही कारण नव्हतं. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. वर जाऊन विचारलं, "लोर्ना, हा काय प्रकार आहे?"

तिने कपाट उघडून मिठाचा एक किलोचा पुडा दाखवला. अजून फोडलेला नव्हता. दोह्याहून आणलेला.

"नमक तो मेरे पास था, दीदी. लेकिन जो सब कुछ लेके आता है, उसको कौन पूछता है? जो माँगता है उसको लोग याद रखता है."

"आणि त्या दोघींना माझ्याकडेच का पाठवलंस?"

"तुम पूरा भर के देता है. सब लोग आधा देता है."

त्या महिन्यात मी मिठाचा मोठा पुडा आणला.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. तिच्या खोलीत झाड नव्हतं. प्लास्टिकची फुलं होती, दर रविवारी ती साबणाच्या पाण्यात धुवायची. मी गुलाबाची कुंडी देऊ केली तर नको म्हणाली. जेद्दामध्ये तिने लिंबाचं झाड लावलं होतं, मलेशियात मिरच्या, आणखी कुठे पपई. फळ धरायच्या आत दर वेळी बदली. "हम लगाता है, दूसरा खाता है," ती म्हणाली. आणि फुलं फडक्याने पुसत बसली.

आमचं शेत घरामागेच आहे, गच्चीवरून पूर्ण दिसतं. जुलैत भाताची रोवणी लागली. माय छत्री घेऊन पारावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसलेल्या, बाया चिखलात वाकलेल्या. लोर्ना सकाळपासून गच्चीवर उभी होती. मग खाली आली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"माँजी, हम भी करेगा?"

बाया खिदळल्या. "मडमच्या पायाले चिखल लागन व!" एकीने ओरडून सांगितलं. लोर्ना तोवर उतरलीही होती. डाव्या हातात पऱ्ह्यांची, भाताच्या रोपांची, पेंडी, उजव्या हाताने दोन-तीन रोपं वेगळी करून चिखलात खोचायची आणि एक पाऊल मागे. तिचा बाप भाताची शेती करायचा, हे तिने तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. तिच्या आईने तिला चिखलातून बाहेर पड म्हणून शिकवलं, परदेशी पाठवलं. ती बाहेर पडली, आणि मग आयुष्यभर पोत्यातला तांदूळ विकत घेऊन खाल्ला.

आता इथे मी लिहायला हवं, की तिने सगळ्या बायांना मागे टाकलं. तसं झालं नाही. तासाभरात तिची कंबर धरली. दोघींनी धरून तिला बाहेर काढलं, आणि पुढचे दोन दिवस ती मलम चोळून पालथी पडून होती. पण तिसऱ्या दिवशी ती मायकडे आली, हात कपाळाला लावला, आणि म्हणाली की तिला एक तुकडा पाहिजे. छोटासा. स्वतः लावायला, स्वतः खायला. वर्षअखेरपर्यंत आर्तुरोचा करार होता. तोवर धान हाती येतं, हिशेब तिने करून ठेवला होता.

"एक बार, माँजी. जो लगाया वो खाके जाएगा हम. बस एक बार."

मायने कोपऱ्यातली बांधी दाखवली. बांधी म्हणजे चारी बाजूंनी पार घातलेलं भाताचं खाचर. ही तर आमच्या छपरीपेक्षा जरा मोठी, इतकीच. "हे तुयी," माय म्हणाल्या. "पण पाखरं तुलेच हाकला लागतीन. मी नाही हाकलणार."

तो पावसाळा लोर्नाने बांधीवरच काढला. गवत काढलं, पार फुटला तो थापून बसवला, फोनवर बहिणीला रोज बांधी दाखवली. बहिणीला एव्हाना आर्तुरोच्यापेक्षा बांधीची तब्येत जास्त ठाऊक असावी. धान पोटरीत आलं, मग निसवलं. लोंब्या बाहेर पडल्या तशी पाखरं आली. गच्चीवरून माय ओरडायच्या, "लोर्ना! तुयं धान खाऊन राहिले पाखरं, अन् तू खुर्चीवर बसून राहिली!" की लोर्ना धावत पारावर. दोन्ही हात वर करून जोरात टाळ्या. पाखरांचा थवा उठून आमच्या बांध्यांत जाऊन बसायचा. मग माय खाली उतरून टाळ्या वाजवायच्या. असा त्यांचा खेळ.

एक दिवस मी वर भाडं घ्यायला गेले, तर प्लास्टिकची फुलं टेबलावर नव्हती. खोक्यात गेली होती. त्या जागी पाण्याच्या पेल्यात धानाची एक हिरवी लोंबी.

दसऱ्याच्या आधी आर्तुरोची बदली झाली. काम दुसऱ्या देशात हलवलं होतं आणि आठवड्याभरात निघायचं होतं. तो संध्याकाळी गाडीतून उतरला, फाटकाशी खुर्चीवर बसलेल्या लोर्नाला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला. मला शब्द कळले नाहीत. ती उठली, आणि खुर्ची उचलून आत घेऊन गेली. तेव्हा कळलं.

धान पिकायला अजून तीन आठवडे तरी होते.

तीन दिवसांनी सकाळी मी डबे भरत होते, तर मागच्या अंगणातून मुसळाचा आवाज आला. आमचं उखळ कित्येक वर्षांत कोणी वापरलं नव्हतं. बाहेर जाऊन पाहिलं. लोर्नाने आपल्या बांधीचा एक कोपरा कापून आणला होता. हिरवं धान, दाणा नुकताच घट्ट होत आलेला. कढईत भाजलेलं, आणि आता ती ते कांडत होती. दाणे चपटे होऊन हिरवे पोहे पडत होते. वास फार चांगला सुटला होता. त्यांच्याकडे पिकायच्या आधीचं भात असंच खातात. थांबायला वेळ नसलेल्या माणसाने काढलेली ही तोड होती.

मागून माय आल्या. त्यांनी उखळात पाहिलं, सुपात पाहिलं, उखळाशेजारी ठेवलेल्या विळ्याकडे पाहिलं.

"कोणं कापलं?"

उत्तराची वाट न बघता त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

आमच्या घरी नव्याची पूजा झाल्याशिवाय धानाला विळा लागत नाही. मी सून म्हणून आले तेव्हापासून एकदाही नाही. आधी देवापुढे हाताने खुडलेल्या लोंब्या, मग घरच्यांच्या ताटात नवा तांदूळ. माझ्या सासऱ्यांनी आजारपणात नव्या तांदळाची पेज मागितली, तेव्हाही मायने जुन्याचीच दिली होती. मी लोर्नाला हे सांगितलं. ती मुसळ धरून तशीच उभी राहिली.

"तू विचारलं का नाहीस?" मी म्हटलं. "चपला कुठे काढू ते विचारतेस!"

"पहली बार नहीं पूछा, दीदी," ती म्हणाली. "मालूम नहीं कैसे. सुबह उठा, खेत में गया, काट लिया. पूछने का याद ही नहीं आया."

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी छपरीत आली आणि वाकली. मायचा हात पदराखाली होता. तो बाहेर आला नाही. लोर्ना जराशी वाकलेली राहिली, मग सरळ झाली आणि वर गेली. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. पोहे तिने एका स्टीलच्या डब्यात भरून ठेवले होते. एक दाणाही तोंडात टाकला नव्हता.

"खा की," मी म्हटलं. "तुझंच आहे."

"माँजी नहीं खाएगा तो कैसे खाएगा?"

मी दोन्हीकडून वैतागले. मला दुकान आहे, यांच्या रुसव्याफुगव्यांना वेळ नाही. निघायच्या आदल्या दिवशी माय आपण होऊन बोलल्या. "सुषमा, मले एक सांग. हे पोरगी शिंकाच्या आधी पुसते. अन् धान कापताना काऊन नाही पुसलं?"

मी लोर्नाचे शब्द जसेच्या तसे सांगितले. आणि मेहमान पूछता है, घरवाला नहीं पूछता, हे तिचं जुनं बोलणंही सांगितलं. मायने डोळ्यांना पदर वगैरे लावला नाही, त्या तशा बाईच नाहीत. हातातली भाजी निवडून संपवली. देठं कागदात गुंडाळली.

"बोलाव तिले," म्हणाल्या. "डबा घेऊन ये म्हणा."

लोर्ना आली. मायने डबा घेतला, त्यात गूळ आणि खोबरं घातलं, एक मूठ देवापुढे ठेवली आणि देवाशी नेहमीच्या सुरात, वाद घातल्यासारखं बोलल्या. "हे कच्चं हाय, मले मालूम हाय. पण पोरगी उद्या जाऊन राहिली. पिकतवरी तिची गाडी थांबत नाही. गोड मानून घे, अन् पुढच्या साली कोणाले असं करू देऊ नको."

मग एक चिमूट स्वतःच्या तोंडात टाकली. बराच वेळ चावली.

"चांगलं लागते व," त्या म्हणाल्या. "दातात अडकते, पण चांगलं लागते. खा ना आता! कायले उभी राहिली?"

लोर्नाने खाल्लं. भिंतीला टेकून, खाली बसून, डब्यातूनच, मुठीने. आम्हाला विचारलं नाही की उरलंय ते हवंय का. सगळं संपवलं आणि बोटं चाटली.

सकाळी नागपूरला विमानतळावर नेणारी गाडी आली. निळी खुर्ची तिने कामिलाला दिली होती. मिठाचा तो न फोडलेला पुडा मात्र बॅगेत होता. पुढच्या गावी कामाला येणार. छपरीत माय हात पुढे काढून बसल्या होत्या. लोर्नाने तो कपाळाला लावला आणि या वेळी लगेच सोडला नाही.

"कवा येशीन?" मायने विचारलं.

"मालूम नहीं, माँजी."

"बाकीची बांधी उभी हाय तुयी. मी कापून ठेवीन, पण शेत तुयं इथं हाय, हे ध्यानात ठेव."

गाडी गेली. मी गच्चीवर वाळत घातलेले पडदे काढायला गेले. तिने जाताना ते धुऊन टाकले होते. वरून पाहिलं, तर गाडी शेताच्या वळणावर थांबलेली. लोर्ना उतरली. प्रवासाचे पांढरे बूट, खांद्याला पर्स, पारावर उभी. मला वाटलं, आता ही वळून घराकडे बघेल, हात हलवेल. मी पडदे खांद्यावर टाकून तयार राहिले.

ती घराकडे पाहतच नव्हती. तिच्या बांधीवर पाखरं उतरली होती. तिने दोन्ही हात वर केले आणि जोरात टाळ्या वाजवल्या. थवा उठला. पुन्हा खाली येतोय का, ते जरा वेळ थांबून पाहिलं. मग ती गाडीत बसली.